धागा: टॅफ्ट-मॅरिकोपा (केर्न काउंटी, कॅलिफोर्निया) – तेल आणि शेतीच्या गावांचे जुने स्थलदर्शक नकाशे कसे वाचायचे

रेघोटी

कॅलिफोर्नियात सॅन होआकिन खोऱ्याच्या नैऋत्य टोकाला मॅकिट्रिक, फेलोज, टॅफ्ट, मॅरिकोपा ही तेलाची गावं टेकड्यांच्या पायथ्याशी ओळीनं वसली आहेत. पूर्वेला काही मैलांवर बुएना व्हिस्टा तळ्याचा आटलेला तळ आहे आणि तिथे पाटाच्या पाण्यावर मोठी शेती चालते. डेरिक (तेलविहिरीचा मनोरा) आणि नांगर इतके शेजारी-शेजारी असलेला मुलूख नकाशावर वाचायला फार चांगला. यूएसजीएस या अमेरिकी संस्थेनं आपले १८८४ पासूनचे कागदी नकाशे स्कॅन करून टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. ते कसे वाचायचे, आजच्या नकाशावर कसे बसवायचे आणि कुठे फसगत होते, यासाठी हा धागा.

सुरुवात पांढऱ्या रंगापासून करते, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर लागवडीखालची जमीन पिवळी असते. यूएसजीएसच्या शीटवर पिकाच्या शेताला रंगच नाही. हिरवा रंग जंगल, झुडपं, फळबागा आणि द्राक्षमळे यांच्यासाठी. कापूस, गहू, अल्फाल्फा, कांदा हे सगळं कोरं पांढरं, आणि ओसाड वाळवंटही पांढरंच. टॅफ्टच्या पश्चिमेची उघडी टेकडी आणि तळ्याच्या तळातलं भर पिकातलं शेत हे रंगावरून सारखंच दिसतं. फरक ओळखायचा तो निळ्या रेषांवरून. काटकोनात वळणारे सरळ पाट, अर्ध्या-अर्ध्या मैलावरचे शेतरस्ते आणि तपकिरी आडव्या रेघांनी दाखवलेले बांध दिसले की ती शेती. तुटक निळी रेघ आणि मध्ये तीन ठिपके असा वाकडातिकडा ओढा दिसला तर तो पावसापुरता वाहणारा, आणि आजूबाजूची जमीन बहुधा पडीक.

---

मृगजळ

छान विषय. टॅफ्ट या नावानं शोधलं तर एकाच भागाच्या बऱ्याच शीट येतात, वेगवेगळ्या सालांच्या आणि प्रमाणांच्या. नेमकी कुठली घ्यायची? आणि कोपऱ्यातलं साल धरून चालायचं का?

---

रेघोटी

प्रमाण आधी बघा. १:२४,००० ची शीट साडेसात मिनिटांची असते, म्हणजे अक्षांश आणि रेखांश दोन्हींत तेवढी मिनिटं व्यापते. टॅफ्ट गाव 'टॅफ्ट' शीटवर आहे, त्याच्या दक्षिणेला 'मॅरिकोपा', पूर्वेला 'माउथ ऑफ केर्न' आणि आग्नेयेला 'पेंटलंड'. तेल आणि शेती दोन्ही हवं असेल तर या चारही घ्या, एकट्या टॅफ्टच्या शीटवर शेतीचा भाग फार थोडा येतो. त्याआधीच्या १:६२,५०० च्या शीट पंधरा मिनिटांच्या, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही १:१,२५,००० च्या. विहिरी आणि टाक्या हव्यात तर १:२४,०००, तळ्याचा जुना काठ हवा तर सगळ्यात जुनी मिळेल ती.

सालाबद्दल: खालच्या उजव्या कोपऱ्यातलं साल हे आवृत्तीचं. खालच्या डाव्या बाजूचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. हवाई छायाचित्रं कोणत्या साली घेतली आणि जमिनीवर फिरून तपासणी कोणत्या साली केली ते तिथे असतं. या दोन्हींत आणि छपाईत काही वर्षांचं अंतर असू शकतं. तेलक्षेत्रात तेवढ्या काळात अख्खा टाक्यांचा तळ उभा राहतो किंवा मोडला जातो.

जांभळा रंग दिसला तर ती हवाई छायाचित्रांवरून केलेली दुरुस्ती. जांभळ्या खुणा जमिनीवर जाऊन तपासलेल्या नसतात. समोच्च रेषांना त्या दुरुस्तीत सहसा हात लावलेला नसतो. त्यामुळे एकाच कागदावर दोन काळ असतात: काळा-तपकिरी-निळा जुना, जांभळा नंतरचा.

---

पाटकरी

या भागात साल ठरवायला पाणी सगळ्यात भरवशाचं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

केर्न नदी पूर्वी पुराच्या वेळी बुएना व्हिस्टा तळ्यात यायची आणि तळं भरलं की जादा पाणी उत्तरेकडे टुलारे तळ्याच्या दिशेनं जायचं. या पाण्यावरून मिलर-लक्स ही पशुपालन कंपनी आणि हॅगिन हे जमीनदार यांच्यात खटला झाला आणि १८८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. लक्स विरुद्ध हॅगिन हा खटला तिथल्या पाणीहक्कांचा पाया मानतात. नदीचं पाणी कालव्यांत वळत गेलं, तळं आक्रसलं, आणि १९५३ मध्ये वरच्या अंगाला इसाबेला धरण पूर्ण झाल्यावर पुराची भीतीही बरीच कमी झाली.

नकाशावर याचा माग असा काढायचा:

तळं निळं भरलेलं आणि काठ अखंड असेल तर शीट जुनी. तळ्याच्या जागी बांधांनी पाडलेले मोठे चौकोन आणि आत पाट असतील तर तळ शेतीखाली आलेला आहे. मग कॅलिफोर्निया अ‍ॅक्वेडक्ट बघा. हा कालवा टॅफ्टच्या टेकड्या आणि तळ्याचा तळ यांच्यामधून जातो आणि केर्न काउंटीत तो १९६० च्या दशकाच्या शेवटी आला. तो अजिबात नसेल तर नकाशातली माहिती त्याआधीची. तो जांभळा असेल तर मूळ शीट आधीची आणि दुरुस्ती नंतरची. निळाच असेल तर अख्खी शीट नव्यानं केलेली. पूर्वेकडच्या शीटवर हेच आंतरराज्य महामार्ग ५ वरून करता येतं, खोऱ्याच्या पश्चिम बाजूचा तो रस्ता १९७२ मध्ये पूर्ण झाला.

आज नकाशावर दिसणारी लेक वेब आणि लेक इव्हान्स ही जोडी म्हणजे जुनं तळं नव्हे. ती करमणुकीसाठी बांधलेली तळी आहेत. जुन्या काठाशी त्यांचा काठ जुळवायला जाऊ नका.

एक मर्यादाही सांगतो. जमिनीखालून नळानं नेलेलं पाणी या नकाशांवर क्वचितच दिसतं. पाट गायब झाला म्हणजे शेती बंद पडली असं नाही, बऱ्याचदा तो पाइपात गेलेला असतो. फळबागेचे हिरवे ठिपकेही झाडं मोजून काढलेले नसतात. ती ठरावीक छापील नक्षी आहे, तिच्यावरून झाडांमधलं अंतर काढू नये.

---

डेरिक

तेलाच्या खुणांवर लिहितो.

तेलविहीर म्हणजे छोटं पोकळ काळं वर्तुळ. एकटी-दुकटी असेल तर शेजारी 'ऑइल' किंवा 'गॅस' लिहिलेलं असतं. दाट क्षेत्रात एवढी अक्षरं मावत नाहीत, तिथे मोठ्या अक्षरांत तेलक्षेत्राचं नाव आणि आत नुसती वर्तुळं. टाकी म्हणजे भरीव काळं वर्तुळ, फार मोठी असेल तर प्रमाणात काढलेलं. पाण्याच्या टाकीशेजारी 'वॉटर' लिहिलेलं असतं, आणि ते छापताना पुसट झालं की लोक तिला तेलाची टाकी धरतात. पाइपलाइन तुटक रेघेनं आणि नावानिशी दाखवतात, वीजवाहिनीच्या रेघेवर मनोऱ्यांच्या खुणा असतात.

मिडवे-सनसेट हे तेलक्षेत्र १८९४ पासूनचं. त्यातल्या सगळ्या विहिरी कुठल्याही टोपो शीटवर नाहीत, आणि असणं शक्यही नव्हतं. १:२४,००० वर एक मिलिमीटरचं वर्तुळ म्हणजे जमिनीवर २४ मीटर. विहिरी ३०-४० मीटरवर असतील तर वर्तुळं एकमेकांवर चढतात, म्हणून नकाशा करणाऱ्यानं निवडक ठेवली. टोपो नकाशा म्हणजे विहिरींची नोंदवही नव्हे. नोंदवही हवी तर कॅलिफोर्नियाच्या राज्य विभागाकडे जावं लागतं. तेल आणि वायूचा हा विभाग १९१५ मध्ये सुरू झाला, आज त्याचं नाव कॅलजेम आणि त्याच्या वेल फाइंडर नकाशावर विहिरी क्रमांकासह दिसतात. केर्नमधल्या विहिरींचा एपीआय क्रमांक (प्रत्येक विहिरीचा ओळख क्रमांक) ०४-०२९ किंवा ०४-०३० नं सुरू होतो: ०४ म्हणजे कॅलिफोर्निया, पुढचे तीन आकडे काउंटीचे. १९१५ च्या आधीच्या विहिरींच्या नोंदी तुटपुंज्या आहेत, आणि नेमका तिथेच जुना टोपो उपयोगी पडतो. नोंदीत नसलेलं वर्तुळ शीटवर दिसलं तर ते बाजूला काढून जुन्या हवाई छायाचित्राशी ताडून बघण्यासारखं असतं.

दुसरी महत्त्वाची खूण 'संप'. कच्चं तेल किंवा तेलासोबत येणारं खारं पाणी साठवायचे उघडे मातीचे खड्डे. जुन्या काळी त्यांना अस्तर नसे. तीन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की कुठला संप कधी आला आणि कधी बुजवला हे दिसतं. बुजवलेल्या जागी आज पिस्त्याची किंवा बदामाची बाग लावायची असेल तर आधी माती खोदून तपासावी लागते, कारण खाली डांबरासारखा कडक थर राहिलेला असू शकतो आणि क्षारही. दुरुस्तीच्या शीटवर मात्र जपून: बुजवलेला संप जांभळ्या दुरुस्तीत पुसला जाईलच असं नाही, त्यामुळे 'नकाशावर आहे' यावरून 'त्या साली होता' असं म्हणता येत नाही.

लेकव्ह्यू नंबर एक हे उदाहरण सगळ्यांना माहीत असेल. टॅफ्ट आणि मॅरिकोपा यांच्यामध्ये मार्च १९१० मध्ये ती विहीर उसळली, सप्टेंबर १९११ पर्यंत वाहत राहिली आणि सुमारे ९० लाख बॅरल तेल बाहेर आलं, निम्म्याहून जास्त वाया गेलं. ते अडवायला मातीचे बांध घालावे लागले. अशा घटनेचं टोपो नकाशावर काय उरतं? एक खड्डा, एक नाव, थोडे मातीचे उंचवटे. त्या काळाचा तपशील हवा असेल तर अर्नोल्ड आणि जॉन्सन यांचं यूएसजीएसचं १९१० चं बुलेटिन ४०६ बघा, त्यात मॅकिट्रिक-सनसेट भागाचा भूशास्त्रीय नकाशा आहे.

---

मृगजळ

शीट उघडली आणि आजच्या उपग्रह चित्रावर टाकली. रस्ते समांतर दिसतात पण सगळं पूर्वेला ८०-९० मीटर सरकलेलं. स्कॅन वाकडं आहे का?

---

अक्षांश

स्कॅन ठीक आहे, डेटमचा घोळ आहे. डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारावरून मोजतात ती पद्धत. या शीट एनएडी२७ या जुन्या डेटमवर आहेत, तुमचं उपग्रह चित्र डब्ल्यूजीएस८४ या नव्या डेटमवर. टॅफ्टच्या रेखांशावर एनएडी२७ चे आकडे जसेच्या तसे नव्या डेटममध्ये टाकले तर ठिकाण पूर्वेला साधारण तेवढंच सरकतं. यूटीएमचे (मीटरमधल्या जाळीचे) आकडे हातानं टाकले तर आणखी एक भर पडते: ठिकाण जवळपास २०० मीटर दक्षिणेला जातं, कारण दोन डेटमचे लंबगोल वेगळे आहेत. चूक ८० मीटरची आहे की २०० ची, यावरूनच चूक कुठे झाली ते कळतं.

क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत संगणक-प्रणालीत असं करा:

१. टोपोव्ह्यूवरून जिओटिफ (जागेची माहिती असलेली चित्रफाइल) उतरवा. लेयरच्या गुणधर्मांत सीआरएस (निर्देशांकांची पद्धत) काय लिहिलंय ते वाचा. केर्नचा हा भाग यूटीएम ११ मध्ये येतो. एनएडी२७ साठी तिचा ईपीएसजी सांकेतिक क्रमांक २६७११, एनएडी८३ साठी २६९११. जुन्या शीट पॉलिकॉनिक प्रक्षेपणातही असतात, त्यावर २६७११ लादू नका.

२. प्रकल्पाचा सीआरएस २६९११ ठेवा. क्यूजीआयएस रूपांतर कुठलं वापरायचं ते विचारेल, तिथे नॅडकॉनची ग्रिड (दोन डेटममधल्या फरकाचा तक्ता) निवडा. ग्रिडची फाइल नसेल तर ती उतरवून घ्या. विचारणा न वाचता पुढे गेलात तर ढोबळ रूपांतर लागतं आणि तुमचे ८०-९० मीटर तसेच राहतात.

३. चारही शीट जोडायच्या असतील तर चौकटीबाहेरचा मजकूर कापा. कापायला साडेसात मिनिटांचा चौकोन वापरा, आणि तो चौकोन एनएडी२७ मध्येच बनवा. नव्या डेटममध्ये बनवलात तर एका बाजूला पांढरी पट्टी आणि दुसऱ्या बाजूला नकाशा कापलेला.

कागदी शीट स्वतः स्कॅन केली असेल तर ६०० डीपीआयला एक पिक्सेल १:२४,००० वर सुमारे १ मीटर आणि १:६२,५०० वर सुमारे २.६ मीटर पडतो. नियंत्रण बिंदू (ज्यांची खरी जागा माहीत आहे असे बिंदू) म्हणून शीटवरच्या अक्षांश-रेखांशांच्या १६ खुणा घ्या: चार कोपरे, कडांवरच्या आठ आणि आतल्या चार फुल्या. साडेसात मिनिटांच्या शीटवर त्या अडीच मिनिटांवर, पंधरा मिनिटांच्या शीटवर पाच मिनिटांवर असतात. पहिल्या दर्जाचं पॉलिनोमियल (अख्खी शीट एकसारखी सरकवणारं, फिरवणारं, ताणणारं रूपांतर) लावा आणि उरलेली चूक बघा. एखादाच बिंदू वाईट असेल तर आकडा चुकीचा टाकलाय. एका बाजूचे सगळे वाईट असतील तर कागद तिथे ताणलाय किंवा घडी पडलीय. थिन प्लेट स्प्लाइन हे लवचीक रूपांतर लावलं की चूक शून्य दिसते, कारण ते प्रत्येक बिंदूतून बळजबरीनं जातं. चुकीचा आकडाही त्यात गुपचूप लपतो, म्हणून ते शेवटी, आणि फक्त कागद खरोखर सुरकुतलेला असेल तरच.

१९२७ च्या आधीच्या शीटचा डेटम आणखी वेगळा. तिथे अक्षांश-रेखांशांच्या खुणा सोडून द्या आणि सेक्शनचे (सरकारी मोजणीतल्या एक चौरस मैलाच्या चौकोनांचे) कोपरे नियंत्रण बिंदू म्हणून घ्या.

---

डेरिक

सेक्शनवरून एक इशारा, कारण याच भागात तो सगळ्यात जास्त लागतो.

अमेरिकेच्या सरकारी मोजणीत टाउनशिप ६ मैल बाय ६ मैलांची, त्यात ३६ सेक्शन, प्रत्येक एक चौरस मैल म्हणजे ६४० एकर. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होतात आणि नागमोडी जातात: पहिली ओळ उजवीकडून डावीकडे १ ते ६, दुसरी डावीकडून उजवीकडे ७ ते १२. शीटवर हे आकडे लाल रंगात असतात. तेलाच्या जगात सेक्शन क्रमांक हाच जागेचा पत्ता, आपल्याकडच्या गट नंबरासारखा.

घोळ असा की टॅफ्ट आणि मॅरिकोपा यांच्यामध्ये दोन मोजण्यांचा सांधा आहे. टॅफ्टकडची जमीन माउंट डायब्लो मेरिडियनवरून (मोजणीच्या मूळ उत्तर-दक्षिण रेषेवरून) मोजलेली, टाउनशिप ३२ दक्षिण. मॅरिकोपाकडची सॅन बर्नार्डिनो मेरिडियनवरून, टाउनशिप १२ आणि ११ उत्तर. सांध्यावर सेक्शन एकमेकांना जुळत नाहीत, आणि एकाच क्रमांकाचे सेक्शन दोन्ही बाजूंना सापडतात. जुन्या नोंदीत नुसतं 'सेक्शन २५' असेल तर मेरिडियन आणि टाउनशिप कळल्याशिवाय विहीर नकाशावर टाकू नका.

विहिरीची जागा नोंदीत सेक्शनच्या कोपऱ्यापासून फुटांत दिलेली असते, उदाहरणार्थ वायव्य कोपऱ्यापासून ३३० दक्षिण, ६६० पूर्व. ते मोजायला टोपोवरची लाल रेघ वापरू नये. अमेरिकेच्या भूव्यवस्थापन खात्याच्या (बीएलएम) सेक्शनच्या डिजिटल थरावरून कोपरा घ्या. टोपोवर तुटक लाल रेघ म्हणजे अंदाजे, आणि सापडलेला कोपरा लाल अधिक चिन्हानं दाखवतात. त्या चिन्हाच्या कोपऱ्यांना जास्त वजन द्या.

सेक्शन क्रमांकावरून मालकीही उलगडते. १६ आणि ३६ हे सेक्शन शाळांसाठी राज्याला दिलेले होते. विषम क्रमांकाचे बरेच सेक्शन रेल्वेला मिळाले. राष्ट्राध्यक्ष टॅफ्ट यांनी सप्टेंबर १९०९ मध्ये सरकारी तेलजमिनी दाव्यांसाठी बंद केल्या आणि १९१२ मध्ये एल्क हिल्स नौदलाचा राखीव तेलसाठा झाला. उत्तरेकडच्या एल्क हिल्सच्या शीटवर राखीव साठ्याची सीमा सेक्शनच्या रेघांवरून पायऱ्यापायऱ्यांनी का जाते, याचं कारण हेच.

---

पाटकरी

उंचीबद्दल राहिलं होतं.

खोऱ्यातल्या सपाट शीटवर समोच्च रेषा बऱ्याचदा ५ फुटांवर असतात, टेकड्यांच्या शीटवर त्याहून बरीच जास्त. शेजारच्या दोन शीट जोडल्या की कडेला रेषा अचानक संपतात. ती छपाईची चूक नव्हे, खालच्या मध्यभागी अंतर लिहिलेलं असतं ते आधी वाचा.

तळचिन्हांच्या (बेंचमार्कच्या) उंचीवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. भूजल उपसल्यामुळे या खोऱ्याची जमीन खचली आहे. यूएसजीएसचे जोसेफ पोलंड यांचं मेंडोटाजवळचं १९७७ चं छायाचित्र प्रसिद्ध आहे, खांबावर १९२५, १९५५ आणि १९७७ च्या पाट्या लावून त्यांनी सुमारे ९ मीटर खच दाखवला. ते ठिकाण उत्तरेला दूर आहे, पण आर्विन-मॅरिकोपा हाही नोंदवलेला खचीचा पट्टा आहे. शिवाय जुनी शीट १९२९ च्या उंचीपातळीवर, आजची मोजणी १९८८ च्या उंचीपातळीवर (एनएव्हीडी८८). या भागात फरक अडीच फुटांच्या आसपास. पाटाचा उतार मैलाला एखाद-दोन फूटच असतो, तिथे हे दोन फरक मिसळले तर पाणी उलट वाहताना दिसेल. शेताचं सपाटीकरण किंवा निचरा आखायला जुन्या समोच्च रेषा वापरू नयेत. जुना काठ, जुना प्रवाह, पाणी कुठे साचायचं हे बघायला त्या उत्तम.

---

डेरिक

जमीन फक्त शेतीच्या बाजूलाच हलत नाही. टॅफ्टजवळच्या बुएना व्हिस्टा टेकड्यांत १९३० च्या दशकात पाइपलाइनी वाकायला लागल्या तेव्हा तिथला हळूहळू सरकणारा भ्रंश लक्षात आला. टोपोवर भ्रंश दाखवत नाहीत. त्या टेकड्यांतल्या विहिरी किंवा पाइप नियंत्रण बिंदू म्हणून घेऊ नका.

---

मृगजळ

सेक्शनचे कोपरे घेऊन जुनी शीट बसवली, आता नीट बसते. विहिरी डिजिटाइझ करायच्या आहेत. किती अचूकता धरायची?

---

अक्षांश

नकाशांच्या अचूकतेच्या १९४७ च्या अमेरिकी राष्ट्रीय मानकाप्रमाणे स्पष्ट दिसणाऱ्या, तपासलेल्या बिंदूंपैकी ९० टक्के कागदावर पन्नासांश इंचाच्या आत हवेत. म्हणजे १:२४,००० वर ४० फूट, १:६२,५०० वर सुमारे १०४ फूट. त्याआधीच्या शीटना हे मानक लागू नव्हतं, तिथे पंधरा मिनिटांच्या शीटवर १५० फुटांचं वर्तुळ धरलं तरी मी ते जपूनच वापरेन. नुसता बिंदू टाकून थांबू नका, त्याभोवती हे वर्तुळ काढा आणि कॅलजेमच्या विहिरी त्यात पडतात का ते बघा. एक पडली तर जुळणी ठेवा, दोन-तीन पडल्या तर 'अनिश्चित' लिहा, एकही नाही पडली तर ती हवाई छायाचित्रांच्या यादीत घाला.

प्रत्येक बिंदूच्या तक्त्यात हे रकाने ठेवा: शीटचं नाव, प्रमाण, आवृत्तीचं साल, छायाचित्राचं साल, तपासणीचं साल, खूण काळी की जांभळी, शीटवरचं लेबल जसंच्या तसं, मेरिडियन-टाउनशिप-सेक्शन, आणि जुळलेला एपीआय क्रमांक. लेबल नसेल तर 'विहीर, प्रकार लिहिलेला नाही' असं लिहा, अंदाजानं 'तेल' भरू नका. तळ्याच्या बाजूला असलेली बरीच वर्तुळं सिंचनाच्या विहिरींची निघतात.

---

रेघोटी

रकान्यांत गावाच्या नावासाठीही एक जागा ठेवा. टॅफ्ट १९१० मध्ये नगर झालं, त्याआधी त्याला मोरॉन म्हणत. जुन्या शीटवर किंवा कागदपत्रात ते नाव दिसलं तर वेगळं गाव समजून दोन बिंदू टाकू नका. गावाच्या गाभ्यावर फिकट गुलाबी छटा असेल तर तिथे फक्त शाळा, चर्च, टपाल कार्यालय अशा ठळक इमारती दाखवलेल्या असतात, बाकीची घरं मुद्दाम गाळलेली. त्या छटेच्या आत घरं मोजून लोकसंख्येचा अंदाज बांधू नका, छटेबाहेरच्या वस्तीत तो जमू शकतो. गाभ्यातल्या इमारती हव्या असतील तर त्या काळचे सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविम्याचे नकाशे बघा, त्यात इमारतीचं बांधकामसाहित्यही रंगानं दाखवलेलं असतं.